क्रीडाविज्ञानाच्या पेपरात संदर्भ कसे द्यावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.पी.एड., पीएच.डी. आणि स्पोर्ट्स सायन्सची मुले पेपर वाचायला पाठवतात तेव्हा मी आधी संदर्भसूची उघडतो, मग पेपर. सवयच लागली आहे. कोणी काय वाचले आणि कोणी कुठून उचलले, हे सूचीवरून बरेचसे कळते. खालचे प्रश्न मला फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि मुख्यतः व्हायव्हाच्या (तोंडी परीक्षेच्या) आदल्या रात्री विचारले जातात.

संदर्भ नेमका कुठे द्यायचा?

जे तुम्ही स्वतः मोजलेले नाही आणि ज्यावर मैदानावरचा जाणता प्रशिक्षक 'हे कशावरून?' असे विचारू शकतो, तिथे द्यायचा. 'धावल्यावर हृदयाचे ठोके वाढतात' याला संदर्भ लागत नाही. 'सहा आठवड्यांच्या प्लायोमेट्रिक (उड्या-झेपांच्या) सरावाने उंच उडी सुधारते' याला लागतो. खेळाच्या नियमांनाही लागतो. कबड्डीतली चढाई ३० सेकंदांची असते हे सगळ्यांना माहीत आहे, पण नियम बदलतात. म्हणून नियमपुस्तिका कोणत्या वर्षाची ते लिहा.

आणि परिच्छेदाच्या शेवटी सहा-सात आकड्यांचा घोळका उभा करू नका. कोणते वाक्य कोणाचे, हे वाचणाऱ्याने कसे ओळखायचे? जिथे दावा, तिथेच आकडा.

व्हँकुव्हर की एपीए?

जे जर्नल मागेल ते. यात बरे-वाईट काही नाही. व्हँकुव्हर पद्धतीला हे नाव पडले कारण वैद्यकीय जर्नलांचे संपादक १९७८मध्ये त्या शहरात जमले आणि त्यांनी एक सामायिक रीत ठरवली. मजकुरात आकडे आणि शेवटी त्याच क्रमाने यादी, अशी ती रीत. ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन तिच्या वळणाने जाते. जर्नल ऑफ स्पोर्ट्स सायन्सेसला एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची रीत) लागते, म्हणजे मजकुरात आडनाव आणि वर्ष. एपीएच्या २०१९च्या सातव्या आवृत्तीपासून तीन किंवा अधिक लेखक असले की पहिल्याच उल्लेखात 'पहिले आडनाव व इतर' एवढे पुरते. आधी सगळी नावे, नंतर 'व इतर' असे शिकवणारे गाइड अजून आहेत. ती जुनी आवृत्ती.

फसवते ती जर्नल ऑफ स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग रिसर्च. तिथे यादी आडनावांच्या वर्णक्रमाने लावून मग क्रमांक देण्याची वर्षानुवर्षांची रीत आहे. त्यामुळे मजकुरातला पहिलाच संदर्भ २३ क्रमांकाचा असू शकतो. हे पाहून एका मुलीने रात्रभर जागून सगळे आकडे 'दुरुस्त' केले होते. पाठवण्यापूर्वी त्या जर्नलचा नुकताच आलेला एक पेपर समोर ठेवा आणि हुबेहूब तसे करा. सूचनांच्या पानापेक्षा ते जास्त उपयोगी पडते.

हृदयाचे कमाल ठोके काढायच्या '२२० वजा वय' या सूत्रासाठी कोणाचा संदर्भ देऊ?

याचे उत्तर लांबलचक आहे. माझा दुखरा दातही हाच.

माझ्या स्वतःच्या एम.पी.एड.च्या प्रबंधात हे सूत्र होते आणि पुढे ऐटीत 'कार्वोनेन, १९५७'. मी ते कुठून घेतले होते? आदल्या वर्षीच्या प्रबंधातून. त्याने त्याच्या आदल्या वर्षीच्या. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा कपाळावर सरकवून एवढेच विचारले, "कार्वोनेनच्या पेपरात हे कितव्या पानावर आहे?" मी पाणी प्यायलो.

कोणत्याच पानावर नाही. कार्वोनेन आणि सहकाऱ्यांचा १९५७चा पेपर सरावाचा ठोक्यांवर काय परिणाम होतो याबद्दल आहे. विश्रांतीचे ठोके आणि कमाल ठोके यांच्यातल्या अंतरावरून सरावाची तीव्रता ठरवण्याची कल्पना त्याच्याशी जोडली जाते. '२२० वजा वय' त्यात नाही. रॉबर्ग्स आणि लँडवेर या दोघांनी २००२मध्ये या सूत्राचा माग काढला. खुद्द कार्वोनेन यांना विचारले, तर त्यांनी हे आपले नव्हे म्हणून सांगितले. माग जाऊन थांबला फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल यांच्या १९७१च्या लेखापाशी. तोही या सूत्रासाठी केलेला अभ्यास नव्हताच. साधारण अकरा ठिकाणची माहिती एका आलेखावर मांडून नजरेने ओढलेली ती रेषा. रॉबर्ग्स आणि लँडवेर यांनी त्याच बिंदूंमधून गणिताने रेषा काढली तर २१५.४ वजा (०.९१४७ गुणिले वय) असे उत्तर आले. म्हणजे ज्या आकड्यांवर सूत्र उभे आहे त्यांतूनसुद्धा २२० निघत नाही.

मग लिहायचे काय? तुमच्या अभ्यासात सूत्र वापरायचेच असेल तर तनाका, मोनाहन आणि सील्स यांचे २००१चे वापरा: २०८ वजा (०.७ गुणिले वय). ते ३५१ अभ्यासांतल्या १८,७१२ लोकांवरून काढलेले आहे. चाळिशीत दोन्ही सूत्रे १८०च देतात. विशीत मात्र जुने २०० देते आणि नवे १९४, साठीत जुने १६० आणि नवे १६६. जुनेच वापरले असेल तर फॉक्स आणि इतर, १९७१ असे द्या आणि एका वाक्यात त्याची मर्यादाही लिहा. शक्य असेल तर खेळाडूला धाववून कमाल ठोके मोजाच. एकाच वयाच्या दोघांमध्ये दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो, आणि तो कोणत्याही सूत्राला दिसत नाही.

मूळ पेपर मिळतच नाही. दुसऱ्याच्या पेपरातून घेतला तर?

घेता येतो, पण तसे सांगून. 'अमुक (१९५७), तमुक (२००२) यांनी उद्धृत केल्याप्रमाणे' असे लिहा आणि यादीत तमुकच ठेवा, कारण वाचलाय तो तमुक. न वाचलेला मूळ पेपर यादीत घालणे म्हणजे न पाहिलेल्या सामन्याचे समालोचन.

त्याआधी मिळवायचा प्रयत्न करा. लेखकाला दोन ओळींची नम्र ईमेल टाका. बहुतेक जण आनंदाने पीडीएफ पाठवतात, वाचणारा भेटला याचाच त्यांना आनंद असतो. जानेवारी २०२५पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झाले आहे. त्यात ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नले सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना खुली आहेत. आपली बरीच शारीरिक शिक्षण महाविद्यालये खासगी असल्याने त्यांना या योजनेचा थेट लाभ नाही, ही गोष्ट खटकते. पण शेजारच्या सरकारी महाविद्यालयात मित्र असतोच.

फक्त अ‍ॅबस्ट्रॅक्ट वाचून संदर्भ दिला तर चालतो का?

नाही. 'टबाटा' या जोर-विश्रांतीच्या झटपट व्यायामाचे उदाहरण घ्या. चरबी कमी करण्यावरच्या कितीतरी लिखाणात 'टबाटा व इतर, १९९६' हा संदर्भ सापडतो. मूळ अभ्यासात शारीरिक शिक्षणाचे तरुण विद्यार्थी सायकल अर्गोमीटरवर (भार मोजणाऱ्या जागच्या सायकलीवर) होते. कमाल ऑक्सिजन वापराच्या १७० टक्के भाराने २० सेकंद जोर, १० सेकंद विश्रांती, अशा सात-आठ फेऱ्या, आणि हे सहा आठवडे. कमाल ऑक्सिजन वापर वाढला, अ‍ॅनएरोबिक क्षमता (ऑक्सिजनविना ऊर्जा मिळवण्याची) २८ टक्क्यांनी वाढली. चरबीचे काय झाले हा त्या अभ्यासाचा प्रश्नच नव्हता. आणि ती १७० टक्क्यांची सायकल म्हणजे जिममध्ये गाण्याच्या तालावर मारलेल्या बर्पी नव्हेत. पद्धतीचा भाग वाचला असता तर ही चूक झालीच नसती.

चाचणीचा संदर्भ कसा द्यायचा? 'बीप टेस्ट घेतली' एवढे पुरे ना?

पुरे नाही. बीपच्या तालावर फेऱ्या मारत वेग वाढवत नेण्याची ही चाचणी, पण कोणती बीप टेस्ट? लेजे आणि लँबेर यांच्या १९८२च्या २० मीटर शटल धावेत एकेक टप्पा दोन मिनिटांचा होता. १९८८मध्ये लेजे आणि सहकाऱ्यांनी जी मांडली, तीत टप्पा एका मिनिटाचा, सुरुवात ताशी ८.५ किलोमीटरने आणि दर टप्प्याला अर्ध्या किलोमीटरची वाढ. बाजारात मिळणाऱ्या ध्वनिफिती आणि अ‍ॅपमध्ये सुरुवातीचा वेग वेगळा असू शकतो. तुम्ही १९८२चा संदर्भ दिला आणि मोबाइलवर एक मिनिटाच्या टप्प्यांचे अ‍ॅप लावले, तर तुमची पद्धत एक आणि पुरावा दुसऱ्याच चाचणीचा.

यो-यो या दमसासाच्या चाचणीची गत याहून वाईट. भारतीय क्रिकेट संघाच्या निवडीत यो-योचा १६.१ हा किमान आकडा गाजल्यापासून वर्तमानपत्रांत 'यो-यो म्हणजे बीप टेस्ट' असे सर्रास छापून येते, आणि तिथून ते प्रबंधांत उतरते. यो-यो इंटरमिटंट रिकव्हरी चाचणीत दर ४० मीटरनंतर दहा सेकंदांची हलती विश्रांती असते. बीप टेस्टमध्ये थांबायला जागाच नाही. यो-योसाठी क्रुस्ट्रुप आणि सहकाऱ्यांचा २००३चा पेपर किंवा बांग्सबो, इआया आणि क्रुस्ट्रुप यांचा २००८चा आढावा द्या, आणि पातळी एक की दोन तेही लिहा.

तीच गोष्ट 'आरपीई'ची, म्हणजे श्रम किती वाटले ते खेळाडूलाच विचारून मोजण्याची. ६ ते २० ची मोजपट्टी बोर्ग यांची. सराव संपल्यावर ० ते १० मध्ये गुण विचारून त्याला मिनिटांनी गुणण्याची रीत फॉस्टर यांची. दुसरी वापरून पहिल्याला श्रेय दिलेले मी दर महिन्याला पाहतो.

थोडक्यात, पद्धतीच्या भागातला संदर्भ म्हणजे पाककृती. तो वाचून दुसऱ्याला तीच चाचणी तशीच घेता आली पाहिजे.

युरोपातल्या पुरुष फुटबॉलपटूंवरचा अभ्यास आमच्या कबड्डीच्या मुलींसाठी देऊ शकतो का?

देऊ शकता, पण कोणावरचा आहे ते वाक्यातच सांगा. 'बलसरावाने वेग वाढतो' असे न लिहिता 'प्रौढ पुरुष फुटबॉलपटूंमध्ये बलसरावाने वेग वाढल्याचे आढळले' असे लिहा. शब्द चारच वाढतात, पण वाक्य खरे होते.

अडचण तुमची एकट्याची नाही. काउली आणि सहकाऱ्यांनी २०२१मध्ये क्रीडाविज्ञानातल्या ५,२६१ अभ्यासांची मोजदाद केली. फक्त स्त्रियांवर केलेले अभ्यास ६ टक्के होते, फक्त पुरुषांवरचे ३१ टक्के. कबड्डी किंवा खो-खो खेळणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलींसाठी नेमका संदर्भ न मिळणे साहजिक आहे. ती पोकळी झाकायला भलताच संदर्भ चिकटवू नका. तीच तर तुमच्या अभ्यासाची गरज सांगते.

किती संदर्भ हवेत? सगळे गेल्या पाच वर्षांतलेच हवेत का?

मूळ संशोधनाच्या पेपरला तीस-चाळीस पुरतात, बरीच जर्नले वरची मर्यादा स्वतःच घालून देतात. पाच वर्षांचा नियम कोणी काढला देव जाणे. पद्धत आणि संकल्पना जिथे जन्मली ते साल द्यायचे, मग ते १९२३ असो. निष्कर्षांबाबत मात्र ताजा पद्धतशीर आढावा आधी बघा. १९९८चा बारा जणांवरचा अभ्यास देऊन २०२२चा आढावा गाळला, तर समीक्षक समजतो की एकतर शोधले नाही किंवा सोयीचे तेवढे उचलले.

ज्या पेपरवर टीका झाली किंवा जो मागे घेतला, त्याचे काय करायचे?

दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

टीका झालेला पेपर देता येतो, टीकेसकट. दोन प्रसिद्ध प्रकरणे सांगतो. बॅटरहॅम आणि हॉपकिन्स यांनी २००६मध्ये मांडलेली 'मॅग्निट्यूड-बेस्ड इन्फरन्स' (परिणामाच्या आकारावरून अनुमान) ही संख्याशास्त्रीय रीत आमच्या क्षेत्रात झपाट्याने पसरली. लहान नमुन्यांतूनही काहीतरी सांगता येते, म्हणून ती सगळ्यांना आवडली. वेल्श आणि नाइट यांनी २०१५मध्ये आणि क्रिस्टिन सैनानी यांनी २०१८मध्ये तिच्यातले दोष दाखवले. मुख्य दोष असा की नसलेला परिणाम 'सापडण्याचे' प्रमाण वाढते. आज कोणी ती रीत वापरून फक्त २००६चा संदर्भ देतो, तेव्हा मधली बारा वर्षे त्याने वाचलेली नसतात.

दुसरे प्रकरण सरावभाराच्या गुणोत्तराचे. चालू आठवड्याचा भार भागिले चार आठवड्यांची सरासरी, आणि ०.८ ते १.३च्या आत राहिलात तर दुखापत कमी. टिम गॅबेट यांचा २०१६चा लेख यासाठी हमखास दिला जातो. त्याच्या आधी, २०१४मध्ये हलिन आणि सहकाऱ्यांनी क्रिकेटमधल्या वेगवान गोलंदाजांवर हाच विचार तपासला होता. आपल्याकडे गोलंदाजांवर लिहिणारे त्याच्यावरच थांबतात. पण चालू आठवडा खालच्या सरासरीतही मोजला जातो, म्हणजे अंश छेदातच बसलेला. ही आणि आणखी मूलभूत हरकत इम्पेलिझेरी आणि सहकाऱ्यांनी २०२०मध्ये घेतली. दोन्ही बाजू द्या आणि तुम्ही कुठे उभे आहात ते लिहा.

मागे घेतलेला पेपर मात्र पुरावा म्हणून द्यायचाच नाही. उल्लेख करावाच लागला तर 'मागे घेतलेला' असे स्पष्ट लिहून. ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचे माजी मुख्य संपादक पॉल मॅक्रोरी यांचे अनेक लेख त्याच जर्नलने २०२२मध्ये मागे घेतले. बहुतेक वाङ्मयचौर्य आणि पुनःप्रकाशनासाठी. एक मात्र वेगळ्याच कारणासाठी: कन्कशननंतर (मेंदूला बसलेल्या धक्क्यानंतर) खेळाडूने खेळणे कधी थांबवावे याबद्दल ऑगस्टस थॉर्नडाइक यांनी १९५२मध्ये जे लिहिले होते, ते चुकीचे उद्धृत करून त्याचा विपर्यास केल्याबद्दल. म्हणजे संदर्भाचीच चूक, आणि तीही डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या बाबतीत. तो १९५२चा पेपर सर्वांना उघडून पाहता येत होता.

असे विपर्यास दुर्मीळ नाहीत. यर्गास आणि बेथगे यांनी २०१५मध्ये वैद्यकीय जर्नलांतल्या उद्धृतांचा हिशेब केला तेव्हा साधारण चौथा हिस्सा सदोष निघाला.

मराठी पुस्तके, आखाड्यातल्या वस्तादांचे सांगणे, हे संदर्भात देता येते का?

का नाही? मल्लखांब, कुस्ती, सूर्यनमस्कार यांवर लिहिताना इंग्रजीत काही सापडत नाही म्हणून 'यावर साहित्य उपलब्ध नाही' असे लिहिणारे प्रबंध मी पाहिले आहेत. करंदीकर-मुजुमदारांनी बडोद्याहून काढलेल्या व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मग काय आहेत? लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४पासून आसन-प्राणायामांवरचे प्रयोग 'योग मीमांसा' नियतकालिकात छापायला सुरुवात केली. इंग्रजी पेपरात अशा पुस्तकाचे नाव रोमन लिपीत लिप्यंतर करून द्या आणि पुढे चौकटी कंसात इंग्रजी अर्थ. शीर्षकाचे नुसते भाषांतर देऊ नका, ते पुस्तक त्या नावाने कोणत्याच ग्रंथालयात सापडणार नाही.

वस्तादांचे सांगणे एपीएमध्ये 'वैयक्तिक संवाद' म्हणून मजकुरातच नाव आणि तारखेसह येते, यादीत नाही. त्यांची परवानगी घ्या. पण एखाद्या डावाचा इतिहास किंवा खुराकाची रीत हा तुमच्या अभ्यासाचा गाभाच असेल, तर तो संदर्भ नाही, ती मुलाखत आहे. ती पद्धतीच्या भागात नीट नोंदवा.

जाता जाता नावांबद्दल. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, आडनाव ही आपली रीत सॉफ्टवेअरला कळत नाही. लग्नाआधीचा पेपर एका आडनावाने, नंतरचा दुसऱ्या, आणि पाटील एस. आर. तर जिल्ह्यागणिक. पहिल्या पेपरच्या आधीच ऑर्किडचा (ORCID), म्हणजे लेखकाच्या ओळखीचा, सोळा आकडी क्रमांक काढून ठेवा, फुकट मिळतो.

साम्य अहवालात १२ टक्के आले. आता?

आधी श्वास घ्या. हा अहवाल म्हणजे तुमचा किती मजकूर आधीच्या लिखाणाशी जुळतो, ते सॉफ्टवेअरने मोजलेले. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत काही दंड नाही. १० ते ४० मध्ये प्रबंध सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यायचा, ४० ते ६० मध्ये वर्षभर देताच येत नाही, ६०च्या वर नोंदणी रद्द. संदर्भसूची, श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, प्राक्कथन (प्रिफेस) आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचे सामान्य शब्दप्रयोग यांतून वगळायचे असतात. पुष्कळदा सूची वगळायचा पर्याय लावलाच नसतो आणि १२ चे ५ होतात.

पण टक्के कमी म्हणजे चोरी नाही, असे मात्र समजू नका. वाक्याचे शब्द फिरवून संदर्भ गाळला तर सॉफ्टवेअर गप्प बसते. चोरी ती चोरीच.

एआयने दिलेली संदर्भयादी वापरू का?

एकेक डीओआय (पेपरचा कायमचा ओळखक्रमांक) टाकून उघडून बघितल्याशिवाय नाही. लेखक खरे, जर्नल खरे, साल शोभेसे, आणि असा पेपर जगात नाही, हे मी स्वतः पाहिले आहे. शोधायला मदत घ्या, पण यादी स्वतः करा.

गाइड म्हणतात, माझे चार पेपर घाल.

विषयाशी जुळत असतील तर आनंदाने घाला. जुळत नसतील तर 'सर, हे कोणत्या वाक्यासाठी देऊ?' असे विचारा. भोळेपणाने विचारा. चारांचे दोन होतात.

झोटेरो किंवा मेंडेली या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरने यादी केली. तरी तपासायची?

हो. पीडीएफमधून उचललेली शीर्षके कधी सगळी मोठ्या लिपीत येतात, वर्ष ऑनलाइन आल्याचे पडते आणि अंकाचे राहते, पृष्ठक्रमांक गळतात. झोटेरोचा एक फायदा मात्र खरा आहे. मागे घेतलेला पेपर तुमच्या संग्रहात असेल तर ते लाल पट्टी दाखवते, ती बंद करून पुढे जाऊ नका.

शेवटी यादीचा प्रिंट काढा. एकाने मजकुरातले संदर्भ मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने पेन्सिलीने यादीत खूण करायची. अर्धा तास लागतो. मागे एकदा असे करताना सत्तेचाळीस जणांच्या यादीत तिघे असे निघाले, ज्यांना मजकुरात कोणी बोलावलेच नव्हते.